राईड आणि रक्तदान एकाच दिवशी?
बाईक क्लबच्या कास पठार राईडच्याच सकाळी रक्तदान शिबिर घ्यावं, सगळे आयते जमलेले असतात, ही सूचना पटली नाही. ३५० मिली रक्त देऊन लगेच हेल्मेट-जॅकेट चढवून कासच्या वाटेवरचा यवतेश्वर घाट चढायचा म्हणजे वळणावर चक्कर येण्याची भीती. क्लच ओढताना सुईच्या जागेतून पुन्हा रक्तही येऊ शकतं. परतल्यावरही लगेच नको: उन्हातून आलेल्यांना आधी पाणी, पोटभर खाणं, तासभर सावली. रक्त दिल्यावर घरी जाताना मागच्या सीटवर बसायचं.

खरं तर शिबिराला वेगळाच रविवार द्या, तोही एप्रिल-मेमधला. सुट्ट्यांत कॉलेजची शिबिरं बंद असतात आणि रक्ताची चणचण तेव्हाच भासते. शिवाय सगळ्यांनी एकदम देऊ नये. दिलेल्या रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) पाचच दिवस टिकतात आणि पुरुषांना पुन्हा द्यायला ९० दिवस थांबावं लागतं, बायकांना १२०. क्लबचे दोन गट पाडून वेगवेगळ्या वेळी दिलंत तर रक्तपेढीला जास्त उपयोग होईल.