शांतारामबापूंचे रंगीत सिनेमे मला सोसत नाहीत

रंकाळावेस: कोल्हापुरात राहून हे लिहिणं म्हणजे अंगावर ओढवून घेणं, पण लिहितो. बापूंचं, म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांतारामांचं, नाव निघालं की आपल्याकडं कानाला हात लावायची रीत. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) मला शेवटपर्यंत बघवत नाहीत. एकच भावना तीनदा सांगतात: आधी संवादात, मग वाद्यांत, आणि राहिलंच काही तर संध्याबाईंच्या भुवयांत.

हाच माणूस १९३७ साली ‘कुंकू’ करतो. पार्श्वसंगीत नाहीच. घड्याळ, घरातले आवाज, शांता आपट्यांची नजर. तेवढ्यावर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या नीराचा कोंडमारा कळतो आपल्याला. ‘जुनं आहे म्हणून आवडत नाही’ असं कुणी म्हणू नका. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, त्याच प्रभात कंपनीचा. त्यात तुकोबांची बायको झालेल्या गौरीबाई आजही शेजारच्या वाटतात.

तांबडा_पांढरा: भावा, तांबड्या रश्श्याच्या गावात राहून तू तिखट लागतंय म्हणून रडतोयस! बापू गंधर्व नाटक मंडळीत वाढलेला गडी. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं हेच तिथलं शिक्षण. आणि ‘झनक झनक’ टेक्निकलर हाय, त्या काळात आपल्या लोकांनी असला रंग पडद्यावर कितीदा बघितला हुता? ‘नवरंग’मधल्या ‘अरे जा रे हट नटखट’ गाण्यात संध्याबाई बाप्या आणि बाई दोन्ही एकटीच नाचतात. आज कोण करतंय दाखव.

पिटातला_प्रेक्षक: फॉरेनचे पिक्चर बघून आलेले दिसतात साहेब. 😄

रंकाळावेस: @पिटातला_प्रेक्षक, ‘दो आँखें बारह हाथ’ला १९५८ मध्ये बर्लिनचं रौप्य अस्वल मिळालं, ते प्रमाणपत्र दर वेळी तुम्हीच नाचवता. तेव्हा फॉरेन चालतं? शिवाय तो सिनेमा कृष्णधवल आहे, याची नोंद घ्यावी.
@तांबडा_पांढरा, नाच अवघड आहे, मान्य. सर्कशीतही अवघडच करतात.

निवृत्त_मास्तरीण: दोघांचंही पटत नाही. ‘कुंकू’ला तुम्ही सोवळ्यात ठेवलंय. तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याला, काकासाहेबांना, उपरती होते, ते चिठ्ठी लिहून जीव देतात आणि नीराची वाट मोकळी होते. हा उपदेश नाही तर काय? बापू तेव्हाही उपदेशकच होते, फक्त रंग नव्हता. आणि ‘पिंजरा’चं नाव मुद्दाम टाळलंत का? १९७२ चा, रंगीत, संवाद आपल्या शंकर पाटलांचे, गाणी खेबुडकरांची. तमाशातल्या बाईपायी गुरुजी मेल्याचं सोंग करतात आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातात. असा पेच आजच्या लेखकाला सुचू दे.

रंकाळावेस: बाई, बरं झालं काढलंत. ‘पिंजरा’त पेच भारी आहे, गुरुजी झालेले डॉ. लागू तर फारच. नाचगाण्याच्या त्या गदारोळात ते एकटे दबक्या आवाजात बोलतात, म्हणून लक्ष जातं. पण सिनेमा कुणाच्या बाजूनं उभा आहे ते बघा. ‘कुंकू’ त्या पोरीच्या बाजूनं होता. चिठ्ठी शेवटी येते, त्याआधी सबंध सिनेमाभर तिनं म्हाताऱ्याला नवरा मानलेलं नाही. ‘पिंजरा’त गुरुजी मरायला तयार होतात ते गावातल्या त्यांच्या मूर्तीला तडा जाऊ नये म्हणून, आणि सिनेमाला ते थोर वाटतं. बाई म्हणजे भुरळ, मास्तर म्हणजे देव. पस्तीस वर्षांत माणूस एवढा मागं आला, यावर आपण बोलतच नाही. गाणी म्हणत बसतो.

निवृत्त_मास्तरीण: थोर वाटतं हे तुमचं वाचन. मला तिथं गावाचीच लाज वाटली. मूर्ती टिकते आणि जिता माणूस फासावर जातो, ही चपराक गावाला आहे.

तांबडा_पांढरा: बाईंनी गप केलं! 🔥 आणि ते रंगाचं म्हणशील तर बापूंचे गुरू बाबूराव पेंटर. मूळ धंदा नाटकाचे पडदे रंगवायचा. भपका रक्तातच हाय आमच्या.

रंकाळावेस: त्याच बाबूरावांनी १९२५ ला ‘सावकारी पाश’ केला. कर्जात बुडालेला शेतकरी, आणि त्यात तरुण शेतकरी झालेत खुद्द बापू. पडदे रंगवणाऱ्यालाही पडदा कधी बाजूला सारायचा ते कळत होतं.
बाई, तुमची चपराक मला अजून पटलेली नाही. शेवटचा भाग पुन्हा बघतो, पण गाणी पुढं ढकलून.

पिटातला_प्रेक्षक: गाणी पुढं ढकलून ‘पिंजरा’? ह्या माणसाला गावातनं काढा.