शब्दचर्चा : जॅझ ड्रमरचं कौतुक मराठीत कोणत्या शब्दांत करावं?

मूळ प्रश्न

जॅझमधल्या थोर ड्रमरांवर एक लेख लिहितो आहे. ऐकणं भरपूर झालंय, पण लिहायला बसलं की शब्द अडतात. मसुद्यातलं एक वाक्य असं आहे : 'एल्विन जोन्सने जॉन कोल्ट्रेनला अप्रतिम साथ दिली, त्याचं तंत्र अचाट होतं.' (एल्विन ड्रमर, कोल्ट्रेन सॅक्सोफोनवादक.) वाक्यात चूक नाही, पण ते कुणाबद्दलही लिहिता येईल. शिवाय 'साथ' हा शब्द एल्विनला पुरतो का, याची शंका आहे. स्विंग, कॉम्पिंग, ट्रेडिंग फोर्स यांचं काय करावं, तेही सुचवा. इंग्रजी शब्द ठेवायला हरकत नाही, पण मराठीत आधीच असलेला शब्द हुकायला नको.

प्रतिसाद

आधी 'तंत्र' काढून टाका. तबल्याच्या बैठकीतला जाणता श्रोता 'यांचं तंत्र चांगलं आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो हात तयार आहे, किंवा निकास, म्हणजे वाद्यातून नाद काढण्याची रीत, स्वच्छ आहे, किंवा लयीला पक्का आहे. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जॅझ ड्रमरांमध्येही त्या वेगळ्याच दिसतात.

तयारी म्हटली की बडी रिच. एका हाताने वाजवलेला त्याचा रोल इतरांच्या दोन हातांच्या रोलइतका दाट असायचा. उस्ताद अल्लारखाँ आणि त्याची एकत्र ध्वनिमुद्रिका १९६८मध्ये निघाली, ती या कामासाठी जरूर ऐका. दोन तयार हात शेजारी शेजारी ऐकले की 'तयारी' हा शब्द दोघांनाही सारखाच लागतो हे कानालाच पटतं.

निकास म्हणजे जो जोन्स. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात त्याने लयीचा मुक्काम पायाखालच्या मोठ्या ड्रमवरून हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या दोन झांजांवर आणला. त्याआधी मोठ्या ड्रमचे चार धपके प्रत्येक बारमध्ये, म्हणजे चार मात्रांच्या विभागात, पडायचे आणि त्याखाली बास बुजून जायचा. जो जोन्सने तो पाय हलका केला आणि वॉल्टर पेजचा बास मोकळा ऐकू येऊ लागला. झांजा तो खट्कन मिटत नाही. अर्ध्या उघड्या असताना काठी पडते, नाद थोडा वाहतो आणि मग पायाने तो आवरला जातो. या आवरण्यातच त्याची सगळी कला आहे. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या किनारीवर, बोट किती वेळ ठेवायचं याचा विचार करणाऱ्या तबलजीला हे लगेच कळेल. त्याच्या ब्रशच्या कामालाही 'घासणे' हे क्रियापद नको, त्यात भांडी आठवतात. उजवा हात टिपतो आणि डावा स्नेअरच्या, म्हणजे पुढ्यातल्या छोट्या ड्रमच्या, कातड्यावर ब्रश घोळवतो. आपण सूर घोळवतो म्हणतो, तेच क्रियापद.

आता 'साथ'. केनी क्लार्कच्या आधीच्या बहुतेक ड्रमरांना हा शब्द चालेल. क्लार्कने काय केलं बघा. फार जलद चालींत मोठ्या ड्रमवर चारही मात्रांना पाय टाकत राहणं जड जायचं, म्हणून त्याने लय उजव्या हाताने वरच्या मोठ्या झांजेवर, म्हणजे राइडवर नेली. त्यामुळे डावा हात आणि उजवा पाय मोकळे झाले. या मोकळ्या झालेल्या हातापायाने तो मधेच, अपेक्षा नसताना ठोके द्यायला लागला. युद्धाचे दिवस होते, वादकांनी त्याला 'बॉम्ब टाकणं' म्हटलं. टेडी हिलला आपल्या वाद्यवृंदात हे खपलं नाही आणि क्लार्कला तिथून निघावं लागलं. पुढे तोच हिल हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसचा व्यवस्थापक झाला आणि त्याने क्लार्कलाच तिथे बोलावलं. बीबॉप ही जॅझची नवी शैली घडली ती ज्या थोड्या जागांमध्ये, त्यातली ही एक.

म्हणजे एकाच माणसाचा उजवा हात ठेका धरतो आणि डावा बोलतो. 'कॉम्पिंग'साठी, म्हणजे मुख्य वादकाला मधे मधे दिलेल्या अशा प्रतिसादासाठी, मी 'बोलणे'च वापरेन : 'ड्रमर मॅक्स रोचचा डावा हात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या प्रत्येक वाक्यानंतर बोलतो.' आपल्याकडे बोल हा शब्द तालवाद्याचाच असल्यामुळे अर्थ आपोआप भरतो. 'ठेका' मात्र फक्त राइडच्या कामापुरता ठेवा.

एल्विनला यातलं काहीच पुरत नाही. १९६१ साली न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये मुद्रित झालेलं 'चेसिन द ट्रेन' लावा. पंधरा मिनिटांहून जास्त चालणारे बारा बारचे ब्लूज, पियानो गप्प, बासच्या आधारावर कोल्ट्रेन आणि एल्विन. एल्विन मात्रेचे तीन भाग करतो आणि ते भाग चार अवयवांत वाटतो : पहिला झांजेवर, दुसरा स्नेअरवर, तिसरा पायाखाली, मग पुन्हा वेगळ्या क्रमाने. त्यामुळे मात्रा एका जागी ठोकलेली ऐकू येत नाही, ती फिरत असते, आणि तरीही कोल्ट्रेनला ती कुठे आहे याचा क्षणभरही संशय नसतो. ध्रुपद-धमारात गायक आणि पखवाजी एकाच वेळी लयीशी खेळत, एकमेकांना अडवत-सोडवत समेवर येतात, त्याला लडंत म्हणतात. एल्विनला मी तो शब्द देईन. 'साथ' म्हटलं की एक पुढे आणि एक मागे बसलेला दिसतो. इथे दोघेही पुढेच आहेत.

प्रतिसाद

'लडंत' फार आवडला. त्याच ओघात एक : दोन वाद्यवृंदांच्या सामन्याला लोक सर्रास 'जुगलबंदी' लिहितात, ते थांबवायला हवं. जुगलबंदीत दोघं मिळून एक मैफल उभी करतात. ११ मे १९३७ला हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये चिक वेब आणि बेनी गुडमन यांच्यात झाली ती आमच्या सिंधुदुर्गातली डबलबारी, दोन भजनी बुवांचा सामना असतो तशी. सॅव्हॉयमध्ये दोन मंच शेजारी शेजारी होते. एका मंचाने वाजवायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि निर्णय नाचणाऱ्या लोकांचा. गुडमनकडे ड्रमवर जीन क्रुपा होता, तेव्हा देशभर गाजत असलेला. चिक वेब आपल्या वाद्यवृंदात स्वतःच ड्रमवर. त्याला लहानपणी पाठीच्या कण्याचा क्षय झालेला, अंगाने अगदी ठेंगणा. तरी त्या रात्री लोकांनी कौल वेबच्या बाजूने दिला, आणि क्रुपाने हार मोकळेपणाने कबूल केली. दोनच वर्षांनी, १९३९मध्ये, वेब गेला. डबलबारीत बुवांइतकाच पखवाजवाला ऐकायला येणारे लोक असतात. त्यांना ही रात्र कशी असेल हे वेगळं सांगावं लागणार नाही.

प्रतिसाद

स्विंगबद्दल. 'आड लय' असं भाषांतर वाचलं आहे, ते नको. आड म्हणजे दीडपट, त्याचा इथे संबंध नाही. 'तिस्र जाती' हिशेबाला जवळ जातं : मात्रेचे तीन भाग, पहिला आघात दोन भागांचा आणि दुसरा एकाचा. पण लय वाढली की हे प्रमाण सरळ होत जातं, आणि संथ लयीतही प्रत्येक ड्रमरचं वेगळं असतं. म्हणून नाम 'स्विंग'च ठेवा आणि क्रियापद मराठी घ्या. लय झुलवतो, लय झुलते. एक आठवण मात्र वाचकाला द्या. आपण सम शोधत ऐकतो, तिथे पायातला हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटतो. टाळी तिकडे ठेवून ऐकलं की झुलणं कळतं.

'ट्रेडिंग फोर्स'ला 'सवाल-जवाब' म्हणू नका. सवाल-जवाबात जवाबाने सवालाला धरून राहायचं असतं. इथे चार बार सॅक्सोफोनचे, चार ड्रमचे, आणि ड्रमरने तेच परत म्हणावं अशी सक्ती नाही. सक्ती आहे ती मूळ चाल मनात चालू ठेवण्याची. एक जोडसूचना : 'बार'ला आवर्तन लिहू नका. बत्तीस बारची पूर्ण चाल, ज्याला ते कोरस म्हणतात, ते आवर्तन. चार मात्रांचे बत्तीस बार म्हणजे १२८ मात्रा. बार हा त्यातला विभाग. ड्रमर स्वतंत्र वादन करतो तेव्हाही ही १२८ मात्रांची वाट तो सोडत नाही, हे एकदा कळलं की नुसता 'आवाज' वाटणारा सोलो उलगडतो.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. 'स्वतंत्र वादन' वाचल्यावर मॅक्स रोचचं 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' परत ऐकलं, १९६६च्या 'ड्रम्स अनलिमिटेड'मधलं. तीन मात्रांची चाल : पहिलीला पायाखालचा मोठा ड्रम, दुसरी-तिसरीला हाय-हॅट. हे दोन पाय अखंड तेच वाजवत राहतात आणि हात वर हवं ते मांडतात, मधेच गप्पही बसतात. हा चक्क लेहरा, म्हणजे आवर्तन धरून ठेवणारी पुन्हा पुन्हा वाजणारी धून, आहे! तबल्याच्या स्वतंत्र वादनात हार्मोनियम किंवा सारंगी जे काम करते, ते रोच स्वतःच्या पायांकडून करून घेतो. लेखात 'लेहरा' हाच शब्द घालतो आहे.

आता शेवटची अडचण, 'लेगसी', म्हणजे या ड्रमरांनी मागे ठेवलेलं. 'घराणं' म्हणावं का?

प्रतिसाद

घराणं नको, वारसा म्हणा. घराण्यात बंदिशी, कायदे, निकासाची शिस्त पिढीजात येते. यांचं बरंचसं शिक्षण ध्वनिमुद्रिकांवर आणि मंचावर झालं. गुरू नव्हते असं नाही. ड्रमर टोनी विल्यम्स बॉस्टनमध्ये अ‍ॅलन डॉसनकडे शिकला आणि १९६३ साली सतराव्या वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या वाद्यवृंदात गेला. पण डॉसनचं घराणं असं कुणी म्हणत नाही. आणि आपल्या पूर्वसुरींचं नाव घेण्याची रीत त्यांच्यातही आहे. त्याच 'ड्रम्स अनलिमिटेड'मध्ये रोचची 'फॉर बिग सिड' ही रचना आधीच्या पिढीतल्या ड्रमर सिड कॅटलेटच्या नावे आहे, आणि जो जोन्सच्या सन्मानार्थ तो नुसत्या हाय-हॅटवर एक आख्खी रचना वाजवायचा.

वारशात तालवादक त्रिलोक गुर्टूचाही उल्लेख करा. मुंबईत वाढलेला, ठुमरी गायिका शोभा गुर्टूंचा मुलगा, आजी मेनकाबाई शिरोडकर. घरात ठुमरी आणि तबला, कानात जॅझ. ड्रमच्या स्टुलावर न बसता तो जमिनीलगत बसून तबला आणि ड्रम एकाच मांडणीत वाजवतो. त्याच्याबद्दल लिहिताना 'फ्युजन' शब्द टाळता आला तर बघा. तबल्यातली लग्गी, म्हणजे ठुमरीत वाजते ती जलद तालरचना, कुठे संपते आणि राइड कुठे सुरू होते, ते एखाद्या मुद्रणातल्या एका मिनिटापुरतं नेमकं लिहा.