वाचनालयात 'अलीगढ' दाखवावा की नाही?

शब्दवेल:
आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर महिन्याला एक चित्रपट दाखवतात, मग चर्चा होते. या खेपेला मी एका समलिंगी प्राध्यापकाच्या खऱ्या गोष्टीवरचा 'अलीगढ' सुचवला आणि कार्यकारिणीत जुंपली. 'असले विषय इथे नकोत' म्हणणारेच जास्त. मला मात्र तो इथेच, पुस्तकांच्या कपाटांपुढे दाखवायला हवा असं मनापासून वाटतं.

हे प्राध्यापक म्हणजे रामचंद्र सिरस. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. कवी होते. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा संग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना त्यांच्या घरात घुसून चोरून चित्रीकरण केलं गेलं, आणि विद्यापीठाने निलंबित केलं ते त्यांनाच! एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. पुढच्या काही दिवसांत ते घरात मृतावस्थेत सापडले.

हंसल मेहतांच्या या चित्रपटात (२०१६) एका दृश्यात सिरस झालेला मनोज बाजपेयी हातात ग्लास घेऊन लताबाईंचं गाणं ऐकत बसतो. बाकी काहीच घडत नाही. एरवी असं पात्र पडद्यावर आलं की हशा ठरलेला. इथे हसायला जागाच ठेवलेली नाही.

कोकणवाट:
असहमत. माझा विरोध माणसांना नाही, जागेला आहे. वाचनालय अनुदानावर चालतं, अभ्यासिकेत दहावी-बारावीची पोरं बसतात आणि चित्रपटाला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आहे. दारात वय कोण विचारणार? निर्मात्यांची परवानगी काढलीत का? उद्या तक्रार झाली तर निस्तरावं लागेल ग्रंथपालांना. ज्याला पाहायचाय तो घरी पाहील.

शब्दवेल:
वय आणि परवानगी, दोन्ही मान्य. अभ्यासिका बंद झाल्यावर दाखवू, परवानगीशिवाय लावणार नाही. पण 'घरी पाहील' हे पटत नाही. ज्याला याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्या घरचा टीव्ही बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

चंद्रकोर:
मी गे आहे आणि माझाही 'अलीगढ'ला विरोध आहे. दर वेळी आमचा माणूस एकटा, अपमानित आणि शेवटी मेलेला. लोक हळहळतात, चहा पितात, घरी जातात. रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' दाखवा ना! २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलेला मराठी चित्रपट आहे. वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, लहानपणीचा मित्र पुन्हा भेटतो. आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे, तरी ती त्याची आईच आहे. मला हे पाहायचंय, माझ्या गावच्या लोकांसोबत.

शब्दवेल:
तोही दाखवू. पण सिरसांचा मृत्यू कुणा पटकथाकाराने रचलेला नाही. तो खरोखर झाला. त्यांना मागे ठेवायला मन तयार होत नाही.

तळटीप:
आणि बायका? 'उंबरठा'त, १९८२ साली, आश्रमातल्या दोघींचं नातं आलं होतं, पण 'प्रकरण' म्हणूनच. १९९८ ला दोन बायकांच्या प्रेमावरचा 'फायर' आला तर मुंबईत चित्रपटगृहं फोडली. नंतर मराठीत दोघींची गोष्ट मध्यभागी ठेवून कितीजणांनी मांडली? चर्चेत हा प्रश्न नसेल तर ती अर्धीच.

कोकणवाट:
१९९८ आठवतंय म्हणूनच सांगतोय. इथे काचा फुटल्या तर भरून कोण देणार?

तळटीप:
फोडणाऱ्याकडून वसूल करा. त्याच्या भीतीने कार्यक्रम कशाला रद्द करायचा?

चंद्रकोर:
शब्दवेलताई, कुठलाही चित्रपट लावा, पण चर्चेला नुसते डॉक्टर आणि वकील बोलावू नका. आम्ही मागच्या रांगेत बसून आमच्याविषयी ऐकत राहायचं, हे पुष्कळ झालं. व्यासपीठावर एक खुर्ची आमच्यातल्या कुणाला द्या. कुणी तयार नसेल तर मी येतो.