एकच ट्यूब: सासूबाईंना गुण, ह्यांचा नायटा मात्र पसरला

इचलकरंजीकर:
नमस्कार. आमचे हे यंत्रमागावर कामाला. शेडमध्ये उकाडा, कपडे दिवसभर घामाने भिजलेले. पावसाळ्यापासून जांघेत आणि कमरेला पट्ट्याखाली गोल लाल चट्टे उठलेत. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली. लावली की खाज थांबते, सोडली की दुप्पट. आता पोटावरही आलंय, धाकट्याच्या मानेवरही एक चट्टा दिसतोय.
सासूबाईंच्या कोपरांवर, गुडघ्यांवर बरीच वर्षं जाड, पांढरट खपल्या आहेत. त्यांनी तीच ट्यूब लावली तर चट्टे सपाट झाले! नणंद म्हणते, हे सगळं त्यांच्याकडूनच पसरलं. त्यांचं ताट, अंथरूण वेगळं केलंय. नातवाला त्या जवळसुद्धा घेत नाहीत. मला बघवत नाही. खरंच त्यांचं लागतं का?

निवृत्त परिचारिका, मिरज:
ताई, सासूबाईंचं ताट आजच सगळ्यांबरोबर मांडा. वर्णनावरून तो सोरायसिस वाटतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच भडकते आणि एरवी महिनाभर घेणारी कातडी काही दिवसांत तयार होते, म्हणून खपल्या. तो शिवल्याने, एकत्र जेवल्याने, कशानेच लागत नाही.
ह्यांचं गजकर्ण दिसतंय. ते बुरशीचं, आणि ते मात्र लागतं: टॉवेल, अंथरूण, आतले कपडे यांतून. धाकट्याला ते तिथूनच आलं असणार.
ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड. सोरायसिसमध्ये ते भडकलेली प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून गुण येतो. बुरशीशी तीच प्रतिकारशक्ती लढत असते. ती दाबली की लाली जाते, खाज जाते आणि बुरशी मोकाट चरते. चट्ट्याची कडाही पुसट होते, मग डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. अशी मलमं चिठ्ठीशिवाय हातात पडतात, याचा मला फार संताप येतो.

इचलकरंजीकर:
क्लोबेटासोलच आहे, सोबत आणखी तीन औषधं. दोघांचीही बंद करू?

निवृत्त परिचारिका, मिरज:
ह्यांची बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, धाकट्यालाही. चट्ट्याची कड खरवडून केओएच तपासणी करतात, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. आपल्याकडे सध्या 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' ही चिवट बुरशी फार पसरली आहे. २०२० साली तिला हे नाव मिळालं. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही, म्हणून डॉक्टर इट्राकोनॅझोल देतात. ती कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. अ‍ॅसिडिटीची, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधीच सांगा. चट्टे दिसेनासे झाले तरी डॉक्टर म्हणतील तोवर औषध थांबवू नका.
सासूबाईंची ट्यूब एकदम तोडू नका, सोरायसिस उसळू शकतो. त्यांनाही दाखवा, हळूहळू कमी करून देतील.

पंढरपूरकर:
मला तरुणपणापासून सोरायसिस आहे. सासूबाईंची बोटं सकाळी आखडतात का, नखांवर टोचल्यासारखे खड्डे आहेत का, विचारा. असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा, हा आजार सांध्यांतही उतरतो. आणि सोरायसिसवर मेथोट्रेक्सेट ही गोळी दिली तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा, गोळ्यांचा डबा तुमच्याकडेच ठेवा.