शब्दचर्चा : विमान ‘अडवले’ की ‘गाठले’?

मुलांच्या एका दिवाळी अंकाची मुद्रितं सध्या माझ्याकडे आहेत. अपहृत विमानांवरच्या लेखात एक वाक्य आलं : ‘लढाऊ विमानांनी प्रवासी विमान अडवले.’ इंग्रजीतल्या ‘इंटरसेप्ट’ला सगळे ‘अडवणे’च लिहितात, म्हणून मीही तसंच पुढे गेले. रविवारी काका मिसळ खायला आले होते. हवाई दलात रडारवर होते, आता निवृत्त. ते पान वाचून म्हणाले, “अगं, आभाळात कोण कुणाला अडवतंय? ते थांबलं की पडलं.”

मग कटाची वाटी बाजूला सारून त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर पालथे धरले. उजवा हात म्हणजे प्रवासी विमान. डावा मागून आला आणि त्याच्या डाव्या अंगाला, जरासा पुढे राहिला. कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो, त्याला दिसायला हवं ना. मग तो हात दोन्ही बाजूंना कलला : ‘माझ्या मागून ये.’ समोरच्यानं पंख तसेच हलवले तर त्याला समजलं. आणि नाहीच हलवले तर? काका हात तसाच धरून बसले.

मला वाटतं, याला मराठीत ‘गाठणे’ म्हणावं. ‘त्याला बिंदू चौकात गाठलं’ म्हणताना आपण त्याला धरलेलंही नसतं, मारलेलंही नसतं. फक्त त्याच्यापर्यंत पोचलेलो असतो. आणि अपहृत विमानाच्या बाबतीत अवघड असतं ते हेच. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेच्या हवाई संरक्षणाला चार अपहृत विमानांपैकी पहिल्याची खबर मिळाली ती ते न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळण्याच्या जेमतेम ९ मिनिटं आधी. टक्कर ८.४६ ला झाली, लढाऊ विमानं जमिनीवरून उठली ८.५३ ला. चौथं विमान १०.०३ ला शेतात कोसळलं, त्याच्या अपहरणाची खबर सैन्याला त्यानंतर मिळाली. अपहरणकर्त्यांनी ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रडारला कळवणारं यंत्र, बंद केला की रडारवर नाव नाही, उंची नाही, नुसता ठिपका उरतो. तसे शेकडो ठिपके. त्यातला कुठला गाठायचा? शिवाय सगळी मांडणी बाहेरून येणाऱ्या शत्रूसाठी होती, घरातून उडालेल्या विमानासाठी नव्हती.

तुमचं काय मत?

प्रतिसाद, शिरोळ :
ताई, ‘गाठणे’ पटलं. पण ‘अडवणे’ टाकून देऊ नका, त्याची जागा जमिनीवर आहे. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आपलं आयसी ८१४ अमृतसरला उतरलं, पाऊण तासाच्या आसपास तिथं उभं होतं, आणि उडून लाहोरला गेलं. तिथून दुबई, मग कंदाहार. ते अमृतसरच्या धावपट्टीवर अडवायला हवं होतं. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्या आठवड्यात पारावर दुसरा विषय नव्हता. ‘अडवलं का नाही?’ हेच जो तो विचारायचा. त्या वाक्यात दुसरं क्रियापद बसतच नाही.

प्रतिसाद, राजारामपुरी :
मी वकिली करते, मला तिसरं क्रियापद महत्त्वाचं वाटतं : ‘पाडणे’. बातम्यांत ‘विमान पडले’ असं छापतात तेव्हा एका कान्यासरशी कर्ता गायब होतो. १ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत लढाऊ विमानानं कोरियन प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. ते ‘पडलं’ नव्हतं. त्यानंतर १९८४ मध्ये नागरी हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारात कलम घातलं गेलं की उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये. पण विमानच क्षेपणास्त्र झालं तर? २००५ च्या आपल्या अपहरणविरोधी धोरणात, अगदी शेवटचा उपाय म्हणून, पाडायला मुभा आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयानं मात्र १५ फेब्रुवारी २००६ ला तसा कायदा रद्द केला : आतल्या निरपराध प्रवाशांचा जीव सरकारला इतरांच्या जिवाशी तोलता येत नाही. मला जर्मन न्यायालयाचं म्हणणं पटतं, हे लपवत नाही.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. वाक्य बदललं : ‘दोन लढाऊ विमानांनी प्रवासी विमानाला गाठले व पंख हलवून मागे येण्याची खूण केली.’ काकांना फोनवर वाचून दाखवलं, ‘आता बरोबर’ म्हणाले. लेखात ‘हवाई सुरक्षा’ होतं, तेही ‘हवाई संरक्षण’ केलं. सुरक्षा म्हणजे उजळाईवाडीला विमानतळावर आपली बॅग तपासतात ती. आता चौकटीच्या मथळ्यासाठी ‘गाठणे’चं सुटसुटीत नाम हवंय. ‘पाठलाग’ नको, त्यात मागे राहणं आलं. बुधवारपर्यंत सुचवाल?