शब्दचर्चा : ‘नाव काढणे’, ‘कोहॉर्ट’ आणि दाखला

पाटीपेन्सिल
अमेरिकेतल्या एका हायस्कूलचं पालकांसाठीचं पत्रक मराठीत करतोय. मूल मधेच भारतात परत जाणार असेल तर शाळेला काय कळवायचं, असा विषय. ‘विद्ड्रॉवल’ला ‘नाव काढणे’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांचा शेरा आला : ‘नाव काढणे म्हणजे कीर्ती मिळवणे.’ पुढे ‘ग्रॅज्युएशन रेट’ आहे, म्हणजे नववी ते बारावीचं हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण. ‘पदवी दर’ म्हटलं की बीए-बीकॉम डोळ्यांसमोर येतं, हायस्कूल पूर्ण केल्याच्या ‘डिप्लोमा’ला ‘पदविका’ म्हटलं की पॉलिटेक्निक. आणि ‘कोहॉर्ट’, म्हणजे एकाच वर्षी सुरुवात केलेल्या मुलांचा गट? ‘तुकडी’ म्हणावं तर नववी अ, नववी ब.

जुना_कारकून
‘पोराने नाव काढलं’ आणि ‘पोराचं नाव काढलं’ यांत विभक्तीच सगळं सांगते. तपासणाऱ्यांना सांगा. तरी जनरल रजिस्टरची भाषा हवी असेल तर ‘पटावरून नाव कमी करणे’.

प्रत्यय
‘कोहॉर्ट’ला ‘सहप्रविष्ट गट’. एकत्र प्रवेश घेतलेले ते सहप्रविष्ट. अर्थ नेमका बसतो.

उंबरठा
नेमका बसतो, पण पालक पत्रक तिथेच ठेवून देतील. ‘बॅच’ म्हणा की सरळ.

तळटीप
‘बॅच’ नाही चालणार. आपली बॅच उत्तीर्ण होण्याच्या वर्षावरून ठरते. नापास झालेला पुढच्या बॅचमध्ये जातो. कोहॉर्टमध्ये तो जात नाही. नववीत पहिल्यांदा ज्या वर्षी आला, तो कायम त्या वर्षाचा. नववी पुन्हा केली आणि पाच वर्षांनी सुटला, तर चार वर्षांच्या दरात तो छेदात राहतो, अंशात येत नाही. 2008 च्या संघीय नियमापासून हिशोब असा : पहिल्यांदा नववीत आलेले, अधिक नंतर बाहेरून आलेले, वजा दुसऱ्या शाळेत गेलेले, देश सोडलेले आणि मरण पावलेले. हा झाला छेद. नियमित डिप्लोमा मिळालेले अंशात. जीईडी, म्हणजे डिप्लोमाऐवजीची समकक्ष परीक्षा, देणारे अंशात धरत नाहीत, छेदातून मात्र हलत नाहीत. 2010-11 मध्ये या पद्धतीचा पहिला राष्ट्रीय दर 79 टक्के निघाला.

पाटीपेन्सिल
म्हणजे ‘2022 ची नववी’ असं लिहिलं तर?

तळटीप
उत्तम. शब्द शोधायची गरजच नाही. खरी भानगड ‘वजा’मध्ये आहे. उदाहरणाला आकडे घ्या : नववीत 120, नंतर आले 10, गेले 18, डिप्लोमा 98 जणांना. गेलेल्या 18 पैकी 12 जणांचेच कागद फाइलमध्ये असतील तर छेद 118 आणि दर 83 टक्के. कागद नसलेले 6 जणही वजा केले तर छेद 112, दर साडेसत्त्याऐंशी. एकही मूल जास्त शिकलेलं नाही, दर साडेचार टक्क्यांनी वर.

जुना_कारकून
कागद म्हणजे दाखलाच ना? शब्दाची गंमत बघा. ‘दाखल’ अरबी, अर्थ आत येणं. आणि आपण म्हणतो ‘शाळा सोडल्याचा दाखला’. बाहेर जाण्याचा कागद, नाव मात्र आत येण्याचं. बाहेरचा तो ‘खारीज’. खरं तर ‘खारिजा’ म्हणायला हवं!

प्रत्यय
मराठीत ‘दाखला’ म्हणजे पुरावा. ‘दाखले देणे’ ऐकलं नाही का? सोडल्याचा पुरावा, इतकं सरळ आहे. अरबीपर्यंत जायलाच नको.

तळटीप
दोघेही नकळत मुद्द्यावर आलात. आपला दाखला जुनी शाळा देते आणि तो मूल गेल्याचा पुरावा. तिकडे लागतो तो मूल पुढे दाखल झाल्याचा लेखी पुरावा : नव्या शाळेने रेकॉर्ड मागितल्याचं पत्र किंवा प्रवेशाची लेखी खात्री. ‘मामाकडे गेलाय’ असा शेजाऱ्याचा निरोप चालत नाही, पालकाचा फोनही नाही. म्हणजे जुना_कारकून यांचा ‘आत येणे’ हा अर्थच तिथे लागू पडतो.

अपवाद परदेशी जाणाऱ्यांचा, आणि पाटीपेन्सिल, तुमच्या पत्रकात तोच महत्त्वाचा. पुण्यातल्या शाळेचं पत्र मिळेपर्यंत थांबावं लागत नाही. पालकांनी कार्यालयात सांगितलं आणि तिथल्या माणसाने ते बोलणं तारखेसह लिहून फाइलला लावलं, तरी पुरतं. न सांगता विमानात बसलात, तर मूल चार वर्षांनंतरही त्या शाळेचा अपूर्ण आकडा.

उंबरठा
म्हणजे ‘गळती’त धरतात? मला हा शब्दच खटकतो. गळतं ते मडकं, आणि दोष दिला जातो पाण्याला.

जुना_कारकून
इथली ‘गळती’ बरीच वर्षं माणसांची नव्हतीच, बेरजांची होती. या वर्षी आठवीत इतके, पुढच्या वर्षी नववीत इतके. युडायस प्लस या केंद्र सरकारच्या शालेय माहितीच्या पोर्टलवर विद्यार्थीनिहाय नोंद 2022-23 पासून. आता शाळा सोडलेल्या मुलाचं नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जातं आणि नवी शाळा पेन नंबरवरून, म्हणजे मुलाच्या कायम शैक्षणिक क्रमांकावरून, इम्पोर्ट करते. जुन्या शाळेने नाव सोडलंच नाही की नव्या शाळेचं इम्पोर्ट अडतं. त्यात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल नव्या वर्गात बसलेलं, नाव जुन्या पटावर.

प्रत्यय
‘ड्रॉपबॉक्स’! ‘प्रतीक्षापट’ म्हणता आलं असतं.

उंबरठा
म्हणा, आणि मुख्याध्यापकांना पोर्टलवर शोधायला लावा.

तळटीप
नाव पटावर ठेवून मूल बाहेर, याला आपल्याकडे एक रास्त शब्दही आहे : शिक्षण हमी पत्रक. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं ते घेऊन जातात. हंगामापुरती दुसरीकडे शिकतात, मूळ पटावरून नाव कमी होत नाही.

आणि फुगवटा फक्त ‘वजा’तून येतो असं नाही. अलाबामा राज्याच्या शिक्षण खात्याने 2016 च्या डिसेंबरात कबूल केलं की दर चुकला होता. तिथे गोंधळ अंशात होता : दिव्यांग विद्यार्थ्यांच्या वेगळ्या डिप्लोमाचे आकडे नियमितमध्ये मिसळले होते, विषय पूर्ण केल्याच्या क्रेडिटच्या नोंदीही नीट तपासल्या नव्हत्या. म्हणून ‘नियमित’ हे विशेषण अनुवादात गाळू नका.

पाटीपेन्सिल
मग ‘नियमित शालान्त प्रमाणपत्र’ आणि ‘चार वर्षांत शालान्त झालेल्यांचे प्रमाण’?

प्रत्यय
‘शालान्त’ दहावीला रूढ. तिकडे बारावी संपते.

जुना_कारकून
शाला संपली की शालान्त. दहावीनंतरची दोन वर्षं आपण ‘कॉलेज’ म्हणतो, ती आपली हौस.

उंबरठा
आणि ते ‘शालांत’ लिहा, अनुस्वाराने.

प्रत्यय
तत्सम शब्दात परसवर्ण चालतो. ‘देहान्त’ कसा लिहिता?

उंबरठा
अनुस्वारानेच. ‘वेदांत’सुद्धा.

पाटीपेन्सिल
अहो, पण ‘विद्ड्रॉवल’चं काय ठरलं?

जुना_कारकून
‘वेदान्त’वर बोलू आधी.