सीडी४ पेशी खरंच संपल्या, की नुसत्या झाकल्या गेल्या?

प्रश्न
सीडी४ पेशी (रोगप्रतिकारक टी पेशींचा एक प्रकार) संपवायला उंदरांना पोटात सीडी४ला चिकटणारी जीके१.५ अँटीबॉडी २०० मायक्रोग्रॅम, तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा दिली. नंतर प्लीहेच्या पेशींवर आरएम४-५ क्लोननं (सीडी४विरुद्धच्याच दुसऱ्या, रंग जोडलेल्या अँटीबॉडीनं) स्टेनिंग केलं, तर सीडी४ जवळपास शून्य. क्लोन वेगळा आहे, मग निकाल खरा मानायला हरकत नाही ना?

उत्तर १
हरकत आहे. क्लोनचं नाव वेगळं असलं तरी जीके१.५ आणि आरएम४-५ एकमेकांची जागा अडवतात. पेशी जिवंत असून तिच्यावर जीके१.५ बसलेली असेल, तरी आरएम४-५ तिला दाखवणार नाही. आरएम४-४ घ्या, जीके१.५ असूनही ती चिकटते.

याची खात्री नळीतच करता येते. इंजेक्शन न दिलेल्या उंदराच्या १० लाख पेशींत रंग नसलेली जीके१.५ भरपूर (१० मायक्रोग्रॅम) घाला, ४ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, धुवा आणि दोन नळ्यांत एकेक क्लोन लावा. आरएम४-५चा सिग्नल पडला आणि आरएम४-४चा टिकला, की झालं.

प्रश्नकर्ता
आरएम४-४ यायला वेळ लागेल. तोवर काय करू?

उत्तर २
सीडी४ला हातच लावू नका. टीसीआर-बीटा (बहुतेक टी पेशींवरचं प्रथिन; क्लोन एच५७-५९७) आणि सीडी८ (टी पेशींच्या दुसऱ्या मुख्य गटाची खूण; क्लोन ५३-६.७) लावून टीसीआर-बीटा असलेल्या पण सीडी८ नसलेल्या पेशी पाहा. सीडी४ पेशी खरंच गेल्या असतील तर हा गट आकसतो. थोड्या एनकेटी (वेगळ्या प्रकारच्या टी पेशी) वगैरे उरतात. नुसत्या झाकल्या असतील तर गट तसाच राहतो. नुसतं सीडी३ (सगळ्याच टी पेशींवरची खूण) घेतलं तर टीसीआर-बीटा नसलेल्या गॅमा-डेल्टा टी पेशीही त्यात शिरतात. आणि टक्क्यांवर जाऊ नका: सीडी४ गेल्या की सीडी८ची टक्केवारी आपोआप फुगते. मोजणीचे मणी (ठाऊक संख्येचे सूक्ष्म कण) घालून प्लीहेतली एकूण संख्या काढा.

दुसरी वाट म्हणजे पेशीवर बसलेली जीके१.५ (ती रॅट आयजीजी२बी प्रकारची अँटीबॉडी आहे) अँटी-रॅट आयजीजी२बी दुय्यम अँटीबॉडीनं, म्हणजे तिलाच चिकटणाऱ्या रंगीत अँटीबॉडीनं, पकडणं. इथे मात्र बरेच जण फसतात. एफसी ब्लॉक म्हणून (अँटीबॉडीची शेपटी पकडणारे एफसी रिसेप्टर झाकायला) वापरतो ती २.४जी२ सुद्धा रॅट आयजीजी२बीच. ती आधी घातली, तर एफसी रिसेप्टर असलेल्या सगळ्या पेशी, म्हणजे बी पेशीसुद्धा, उजळतात. म्हणून या नळीत दुय्यम अँटीबॉडी आधी, तीही उंदराच्या आयजीजीला न चिकटणारी. धुऊन मग बाकीचे रंग.

उत्तर ३
वरच्याला जोड: आरएम४-४ आली की थेट वापरू नका, टायट्रेशन करा, म्हणजे योग्य मात्रा शोधा. १०० मायक्रोलिटरमध्ये १० लाख पेशी, अँटीबॉडी १ मायक्रोग्रॅमपासून निम्मी-निम्मी करत ०.०६पर्यंत. जास्त घातली की निगेटिव्ह (सीडी४ नसलेला) गट वर सरकतो आणि फरक उलट कमी होतो. मेलेल्या पेशी काहीही चिकटवून घेतात, तेव्हा व्हायेबिलिटी डाय (मेलेल्या पेशी ओळखणारा रंग) हवाच. अमाइनला (प्रथिनांवरच्या एका रासायनिक गटाला) जोडणारा असेल तर साध्या पीबीएसमध्ये (प्रथिनं नसलेल्या मिठाच्या बफरमध्ये) लावा, सीरम असलेल्या बफरमध्ये तो सीरमलाच जाऊन बसतो.